करंडक कोणाचा, खेळाडू कुठला

महाविद्यालयीन खेळांचा इतिहास आपल्याकडे बहुधा विजेत्यांच्या यादीतूनच सांगितला जातो. कोणत्या वर्षी कोणते विद्यापीठ जिंकले, सलग किती वेळा जिंकले, कोणाचा विक्रम कोणी मोडला, एवढे कळले की इतिहास कळला असे आपण धरून चालतो. माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडसारख्या गावातून ही यादी वाचली की मात्र ती अपुरी वाटू लागते. दिंद्रुड बीड जिल्ह्यात येते आणि बीड जिल्हा छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत. खेळांमध्ये सर्वांत सरस ठरणाऱ्या भारतीय विद्यापीठाला १९५६-५७ पासून मौलाना अबुल कलाम आझाद करंडक दिला जातो. त्यावर या विद्यापीठाचे नाव कधी कोरले गेलेले नाही. पण याच बीड जिल्ह्याने अलीकडच्या काळात आशियाई सुवर्णपदक जिंकणारा धावपटू दिला, राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकणारा मल्ल दिला आणि खो-खोचा विश्वचषक जिंकणाऱ्या महिला संघाची कर्णधारही दिली. या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील, तर यादी नेमके काय मोजते हे विचारावे लागते. माझे म्हणणे असे की विद्यापीठांच्या विजेतेपदांची यादी ही वसतिगृह, मैदान, प्रशिक्षक आणि प्रवासखर्च यांच्या व्यवस्थेची नोंद आहे. ती त्या त्या भागातल्या गुणवत्तेचे माप म्हणून वाचली गेली आणि त्या चुकीच्या वाचनाची किंमत मराठवाड्यातल्या मुलामुलींनी मोजली.

आंतरविद्यापीठ क्रिकेटपासून सुरुवात करू, कारण सर्वांत जुनी आणि मानाची यादी तीच. रणजी करंडकाच्या पहिल्या हंगामानंतर वर्षभरातच, १९३५-३६ साली, रोहिंटन बारिया करंडकाची स्पर्धा सुरू झाली. मुंबईच्या बारिया कुटुंबाने आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ हा करंडक दिला होता. पहिले विजेतेपद लाहोरच्या पंजाब विद्यापीठाने मिळवले. पुढे मात्र ही स्पर्धा आणि मुंबई विद्यापीठ ही नावे जणू जोडूनच घेतली जाऊ लागली. अजित वाडेकरांनी दिल्ली विद्यापीठाविरुद्ध ३२४ धावांची खेळी केली आणि तो विक्रम सुनील गावस्करांनी ३२७ धावा काढून मोडला. मुंबईचा फलंदाज मुंबईच्याच फलंदाजाचा विक्रम मोडतो, एवढ्यावरून त्या काळातली मक्तेदारी लक्षात यावी. पण या धावा एका शहराच्या दीर्घ तयारीतून आल्या होत्या. शाळेतल्या मुलांसाठी हॅरिस आणि गाईल्स ढाल, आझाद मैदान आणि माटुंग्याच्या आसपास लोकलच्या अंतरावर असलेली खेळपट्ट्यांची रांग, १९४८ पासून ऐन पावसाळ्यात खेळवली जाणारी कांगा लीग, आणि खेळाडूला नोकरी देणारी कार्यालये. एखादा मुलगा सकाळी सराव करून वर्गात बसू शकत होता आणि शनिवार-रविवारी आपल्याहून थोराड, मुरलेल्या गोलंदाजांना तोंड देऊ शकत होता. विद्यापीठाचा संघ निवडायची वेळ येई तेव्हा निम्मे काम शहराने आधीच करून ठेवलेले असे.

या म्हणण्याला दिलीप सरदेसाईंइतका चांगला पुरावा दुसरा नाही. त्यांचा जन्म मडगावचा. पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यात क्रिकेटची मोठी परंपरा नव्हती. १९५७ च्या सुमारास, सतरा वर्षांचे असताना, ते मुंबईला आले आणि विल्सन महाविद्यालयात शिकू लागले. १९५९-६० च्या रोहिंटन बारिया स्पर्धेत त्यांनी ८७ च्या सरासरीने ४३५ धावा केल्या आणि डिसेंबर १९६१ मध्ये कानपूरला इंग्लंडविरुद्ध ते पहिली कसोटी खेळले. मडगाव ते कसोटी संघ हा प्रवास चार-पाच वर्षांत झाला. हात तेच होते, नजरही तीच होती. बदलले होते ते भोवताल. यादीत त्या ४३५ धावा मुंबई विद्यापीठाच्या नावे जमा झाल्या, आणि ते योग्यच होते, कारण त्या धावांना लागणारे सगळे मुंबईने पुरवले होते. पण या यादीवरून कोणी असा निष्कर्ष काढला असता की गोव्याच्या मातीत फलंदाज उपजतच नाहीत, तर तो निष्कर्ष सरदेसाईंनी एकट्याने खोटा ठरवला असता. मराठवाड्याबद्दल मात्र असा निष्कर्ष न बोलता काढला जात राहिला.

यादीत वर्षानुवर्षे दिसणारे नाव एकच असले, तरी त्या नावामागची संस्था एकच राहिली असे नाही. १९३५ चे मुंबई विद्यापीठ म्हणजे जवळजवळ सबंध मुंबई इलाखा होता. पुण्याची, कर्नाटकातली, गुजरातेतली महाविद्यालये त्याच छत्राखाली होती. पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले आणि त्याच सुमारास बडोदा, कर्नाटक, गुजरात ही विद्यापीठेही वेगळी झाली. म्हणजे फाळणीपूर्वीच्या वर्षांतले मुंबईचे विजेतेपद आणि सत्तरच्या दशकातले मुंबईचे विजेतेपद या दोन वेगळ्या आकाराच्या संस्थांच्या कामगिऱ्या आहेत. एका रकान्यात त्यांची बेरीज करणारा विक्रम हा अर्धाच इतिहास आहे. पंजाबचेही तसेच. पहिला करंडक जिंकणारे लाहोरचे विद्यापीठ १९४७ मध्ये दुभंगले, त्याचा भारतातला वारसा चंदीगडला स्थिरावला, आणि पुढे १९६२ मध्ये पतियाळाचे पंजाबी विद्यापीठ व १९६९ मध्ये अमृतसरचे गुरू नानक देव विद्यापीठ निघाले. म्हणून एखाद्या विद्यापीठाचे विक्रम वाचताना त्या वर्षी त्याची हद्द कुठवर होती, हे आधी विचारले पाहिजे.

मराठवाड्याच्या बाबतीत तर हा प्रश्न मुळापाशीच येतो. रोहिंटन बारिया स्पर्धा सुरू झाली तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होते. उच्च शिक्षण म्हणजे १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेले उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ. मराठी बोलणाऱ्या खेड्यातल्या मुलाला महाविद्यालयाचे दार दिसण्याआधी भाषेचा उंबरठा ओलांडावा लागे, आणि तो ओलांडून हैदराबादेत राहण्याची ऐपत फार थोड्या घरांत होती. सप्टेंबर १९४८ मध्ये हे राज्य भारतात सामील झाले. १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत सुरू केलेले महाविद्यालय पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. बीडचे बलभीम महाविद्यालय १९६० चे. म्हणजे बीडमध्ये महाविद्यालय उभे राहत होते तेव्हा मुंबईचे क्रिकेटपटू आंतरविद्यापीठ स्पर्धेची पंचवीस वर्षे पाठीशी घेऊन मैदानात उतरत होते. पुढे १९९४ मध्ये नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ निघाले आणि हा प्रदेशही दोन विद्यापीठांत वाटला गेला. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्यात बालेवाडीचे क्रीडासंकुल उभे राहिले. आधीच पुढे असलेल्या शहराला राज्यातले सर्वांत मोठे संकुल मिळाले आणि यादीतले अंतर आणखी रुंदावले. दळणवळणाचे तर विचारायलाच नको: बीड शहरातून पहिली प्रवासी रेल्वेगाडी धावायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावे लागले. सोळा जणांचा संघ स्पर्धेला न्यायचा, तर बस, मुक्काम आणि बदललेली गाडी हा खर्च आधी मांडावा लागतो, नाणेफेक त्यानंतरची.

मागासलेपण हेच सगळ्याचे कारण, असे म्हणून इथे थांबता आले असते. पण पंजाबचा पुरावा तसे थांबू देत नाही. फाळणीत सर्वाधिक होरपळलेला हा प्रांत. लायलपूरचे खालसा महाविद्यालय आपले गाव पाकिस्तानात सोडून जालंधरला नव्याने उभे राहिले. प्रांत तुटला, विद्यापीठ तुटले, आणि तरीही आझाद करंडकाच्या यादीत पंजाबातली विद्यापीठे वर चढत गेली. एकट्या गुरू नानक देव विद्यापीठाने हा करंडक वीसहून अधिक वेळा जिंकला आहे. विद्यापीठाचा विस्तार मोठा म्हणून विजय मिळतो असे असते, तर एकाची तीन विद्यापीठे झाल्यावर पंजाब मागे पडायला हवा होता. घडले उलट. कारण तिथल्या महाविद्यालयांनी खेळाडूला शुल्कमाफी, वसतिगृह आणि दोन वेळचे सकस जेवण देऊन प्रवेश देण्याची पद्धत पक्की केली. १९६१ मध्ये पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था निघाली आणि शिकून तयार झालेले प्रशिक्षक जवळच मिळू लागले. खेळाडू शाळेतच हेरायचा, महाविद्यालयात सांभाळायचा आणि पुढे पोलीस, रेल्वे किंवा सीमा सुरक्षा दलात त्याची सोय लावायची, ही साखळी तिथे तयार झाली. हीच पद्धत अलीकडे खासगी विद्यापीठांनी जास्त पैसा ओतून उचलली. २०२० साली भुवनेश्वरला झालेल्या पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत चंदीगडचे पंजाब विद्यापीठ पहिले आणि पुण्याचे सावित्रीबाई फुले विद्यापीठ दुसरे आले. सुवर्णपदके दोघांचीही १७ होती. एकूण पदकांत ४६ विरुद्ध ३७ असा फरक पडला. पुढच्याच स्पर्धेत, २०२२ मध्ये, बंगळूरच्या जैन विद्यापीठाने सर्वांना मागे टाकले, आणि २०२४ चा आझाद करंडक चंदीगड विद्यापीठ या खासगी विद्यापीठाकडे गेला. काही वर्षांत एखाद्या राज्याची माती बदलत नाही आणि तिथल्या मुलांचे स्नायूही बदलत नाहीत. बदलतो तो खर्चाचा आणि भरतीचा निर्णय.

आता हीच कसोटी दिंद्रुडच्या परिसराला लावून पाहू. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. फडाजवळ कोपी, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, गावाकडे परतणे नाही. घरातला महाविद्यालयात जाणारा मुलगा एकतर सोबत जातो, नाहीतर म्हातारी माणसे, लहान भावंडे आणि जनावरे सांभाळत मागे राहतो. मुलगी असेल तर तिच्या बाबतीत लग्नाचा विषय आधी निघतो. आता आंतरविद्यापीठ खेळांचे वेळापत्रक पाहा. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून निवड चाचणी, मग विद्यापीठाचे सराव शिबिर, त्यानंतर पश्चिम विभागाची स्पर्धा आणि शेवटी अखिल भारतीय फेरी: हा क्रम मुख्यतः पावसाळ्याच्या शेवटापासून हिवाळाभर चालतो. म्हणजे ज्या महिन्यांत विद्यापीठाचा संघ निवडला जातो, नेमके तेच महिने उसाच्या फडाचे. महाविद्यालयातल्या शारीरिक शिक्षण संचालकांनी कितीही मनावर घेतले, तरी जो मुलगा गावातच नाही त्याची निवड चाचणी घेणार कशी? विजेतेपदाच्या यादीत हा मुलगा हरलेल्यांमध्येही सापडत नाही, कारण तो स्पर्धेपर्यंत पोहोचलेलाच नसतो.

अविनाश साबळे यांची कारकीर्द या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखी आहे. आष्टी तालुक्यातले मांडवा हे त्यांचे गाव, आईवडील कष्टकरी. शाळा दूर आणि वाहन नाही, म्हणून ती वाट ते चालत आणि पळत पार करत. बारावीनंतर ते महार रेजिमेंटमध्ये भरती झाले. सियाचेन, राजस्थान, सिक्कीम इथे त्यांची नेमणूक झाली आणि २०१५ मध्ये लष्कराच्या क्रॉसकंट्री शर्यतींतून ते खऱ्या अर्थाने धावपटू झाले. त्यांचा खेळ ३००० मीटर स्टीपलचेसचा: जवळपास ९१ सेंटिमीटर उंचीचे २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या, भिजलेले बूट आणि प्रत्येक अडथळ्याआधी पावलांचा अचूक हिशेब. ही शर्यत रस्त्यावर किंवा शेताच्या बांधावर शिकता येत नाही; तिला पाण्याचा खड्डा असलेली धावपट्टी आणि शेजारी उभा राहून पाऊल सुधारणारा माणूस लागतो. लष्कराने ते दिले. २०१८ मध्ये साबळे यांनी ८ मिनिटे २९.८० सेकंदांत धावून गोपाळ सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, जिथे १९९८ पासून या शर्यतीची सर्व पदके केनियाच नेत आला होता, तिथे ते ८ मिनिटे ११.२० सेकंदांत दुसरे आले. सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, आणि २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम. या सगळ्यात विद्यापीठ कुठेच नाही. देशाच्या विक्रमांच्या यादीत ज्याचे नाव सर्वांत वर आहे, त्याला घडवण्यात त्याच्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयीन खेळाला कसलाही वाटा उचलता आला नाही.

त्यांच्या शेजारी संजीवनी जाधव यांचे नाव ठेवून पाहावे. त्या नाशिक जिल्ह्याच्या चांदवड तालुक्यातल्या. तो भागही पाण्यासाठी झगडणाराच आणि घर शेतकऱ्याचेच. पण नाशिक शहरात लांब पल्ल्याच्या धावण्याचे शिक्षण देणारा जाणता प्रशिक्षक होता, सोबत धावणाऱ्या मुली होत्या, आणि महाविद्यालय त्याच शहरात होते. कविता राऊत यांनी ती वाट आधीच मळून ठेवली होती. संजीवनी यांनी २०१७ मध्ये तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १० हजार मीटरचे रौप्यपदक जिंकले. दोघेही महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यातले, दोघेही एकाच पिढीचे. एकीचे नाव विद्यापीठांच्या इतिहासात आहे, दुसऱ्याचे नाही, आणि हा फरक पायांच्या बळातून आलेला नाही. बीडचे बाकीचे मोठे खेळाडूही हेच सांगतात. पाटोद्याचे राहुल आवारे पुण्याच्या तालमीत घडले आणि २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक जिंकले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाच्या कर्णधार प्रियांका इंगळे यांचे मूळ गाव केज तालुक्यात, पण त्यांचा खेळ घडला पुणे परिसरात. बीड खेळाडू जन्माला घालते आणि नोंद दुसऱ्या गावच्या वहीत होते.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की खरा गुणी खेळाडू कुठूनही वर येतोच, आणि साबळे हेच त्याचे उदाहरण. हा आक्षेप फक्त पोहोचलेल्यांकडे बघतो. साबळे लष्करात गेले ते नोकरीसाठी. त्यांच्यातला धावपटू तिथे योगायोगाने सापडला. भरतीत उंची किंवा वय थोडे कमी-जास्त झाले असते, तर आशियाई विजेता मांडव्यातच राहिला असता आणि त्याची उणीव कोणालाही जाणवली नसती. मुलींना तर सैन्यभरतीचा हा दरवाजाही फार अरुंद आहे. दुसरा आक्षेप अधिक न्याय्य आहे: अमृतसरने किंवा मुंबईने पदरमोड करून खेळाडू घडवले, मग त्यांच्या विक्रमाला उणेपणा का आणावा? आणू नये. उलट माझ्या मांडणीत त्यांचे श्रेय वाढते. विजय मातीतून आपोआप उगवत असता तर अभिनंदन कशाचे करायचे होते? त्यांनी योजना केली, पैसा लावला, पिढ्यानपिढ्या ती टिकवली, म्हणून ते जिंकले. आणि जे योजनेने मिळते ते दुसऱ्यालाही योजनेने मिळवता येते. तिसरा आक्षेप मराठवाड्याच्या अभिमानातून येईल: आमच्याकडेही खेळाडू झाले आहेत. झालेच आहेत. धाराशिवच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारताने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोचे सुवर्ण जिंकले आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. औरंगाबादेत भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आले आणि तलवारबाजीसारख्या इथे अनोळखी असलेल्या खेळातही मुले पुढे आली. जिथे मार्गदर्शन टिकून राहिले तिथे मराठवाडा जिंकला, हे याच मांडणीच्या बाजूचे पुरावे आहेत.

चौथा आक्षेप शिक्षणाच्या बाजूने येतो: महाविद्यालयाचे काम शिकवण्याचे, करंडक मोजण्याचे नाही. हे म्हणणे सोयीच्या घरात शोभते. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, आणि त्याचा लाभ घ्यायला मान्य स्पर्धेतल्या यशाचे प्रमाणपत्र लागते. ज्या मुलाला स्पर्धेपर्यंत पोहोचताच आले नाही, त्याच्या हातून मैदानाबरोबर ही संधीही जाते. उसाच्या फडातून बाहेर पडण्याचे जे दोन-चार रस्ते या भागातल्या तरुणांपुढे आहेत, त्यांतला एक असा बंद राहतो. म्हणून विक्रमांच्या यादीचा प्रश्न हा केवळ मिरवण्याचा प्रश्न उरत नाही. त्यात पोटापाण्याचा प्रश्न आहे.

मग करायचे काय, हेही या इतिहासातूनच निघते. पहिले म्हणजे नोंद बदलावी. प्रत्येक विद्यापीठाने आपल्या क्रीडा अहवालात विजेत्याच्या नावापुढे महाविद्यालयाबरोबर त्याचे मूळ गाव, तालुका आणि शाळाही छापावी. पाच-दहा वर्षे अशी नोंद ठेवली, तर खेळाडू कुठे जन्मतात आणि कुठे घडतात यातले अंतर तालुक्यानुसार दिसेल आणि पैसा कुठे लावायचा याचा वाद पुराव्याने मिटेल. दुसरे, मराठवाड्यातल्या आंतरमहाविद्यालयीन फेऱ्या आणि निवड चाचण्या शक्य तेवढ्या ऊसतोडीला कुटुंबे निघण्याआधी उरकाव्यात आणि निवडलेल्या मुलांना हंगामभर महाविद्यालयातच राहण्या-जेवणाची सोय करावी. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना राज्याने आखली आहे. त्या वसतिगृहांना जोडून मैदान आणि पूर्णवेळ प्रशिक्षक दिला, तर पंजाबने जे खालसा महाविद्यालयांत केले तेच माजलगावला करता येईल. तिसरे, धावणे, कुस्ती आणि खो-खो हे बीडच्या अंगचे खेळ आधी निवडावेत. सगळ्या खेळांना थोडे थोडे वाटून कोणाचेच भले होत नाही. मुंबईला तिच्या विक्रमांसाठी मैदानांची आणि स्पर्धांची अनेक दशके लागली, अमृतसरला महाविद्यालयांची एक पिढी लागली, खासगी विद्यापीठांना काही वर्षे पुरली. दिंद्रुडच्या मुलांना पहिल्या निवड चाचणीला हजर राहता येईल एवढी तजवीज झाली, तर मराठवाड्याचे विद्यापीठ त्या यादीत येईल, असे मानायला या नव्वद वर्षांच्या इतिहासात पुरेसा आधार आहे.